भिंतीवरचा टीव्ही आणि वायरींचे जंजाळ

शहापूर, प्रतिनिधी

मे महिना सरत आला की तानसा खोऱ्यातील संध्याकाळी बदलू लागतात. दिवसभर तापलेल्या हवेत माहुलीच्या डोंगरामागून ढग वर येतात, वारा सुटतो आणि पावसाचा पहिला थेंब पडण्याआधीच दूर कुठेतरी गडगडाट ऐकू येतो. अशा वेळी शहापूर-मुरबाडकडच्या घराघरांतून एक आरोळी ठरलेली असते, ‘‘टीव्हीची पिन काढा रे!’’ टीव्ही टेबलावर असे आणि पिन शेजारच्या बोर्डात, तेव्हा घरातले कोणीही उठून हे काम क्षणात करीत असे. आता टीव्ही भिंतीवर चढला आहे. त्याच्या मागेपुढे प्लायवूडच्या नक्षीदार फळ्या आल्या आहेत आणि पिन त्या फळ्यांच्या पोटात कुठेतरी दडली आहे. हात पोहोचत नाही म्हणून ती काढलीच जात नाही.

दिवाणखान्यातील वायरींचा गुंता दिसू नये, ही अपेक्षा रास्तच आहे. वासिंद, आसनगावच्या नव्या इमारतींतील सदनिका असो, तानसा रस्त्यालगतचे सुट्टीतले घर असो की मुंबईतील दोन खोल्यांचा संसार, भिंतीवरचा टीव्ही लावून झाला की पहिल्याच दिवशी हा प्रश्न उभा राहतो. सेट-टॉप बॉक्स कुठे ठेवायचा? राऊटर कुठे? लोंबणाऱ्या वायरींचे काय करायचे? त्यावर फळ्या आणि कपाटे हे उत्तर आहे खरे. पण ती कशी असावीत हे ठरवताना बहुतेकजण केवळ शोभेचा विचार करतात. वायरी नजरेआड गेल्या तरी हाताशी राहिल्या पाहिजेत, ही एकच कसोटी लावली तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप सुटतात.

पेटी गेली, तिचा माथाही गेला

हा गुंता आला कुठून, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जायला हवे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा दूरचित्रवाणी संच हे घरातील एक फर्निचरच होते. लाकडी पेटी, पुढे सरकणारी झडप, खाली चार पाय. तिला वायरी दोनच. एक विजेची आणि दुसरी छपरावरच्या अँटेनाची. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, मग व्हीसीआर, नव्वदच्या दशकात केबल आणि पुढे डीव्हीडी. तरीही ही सगळी उपकरणे संचाच्या अंगाखांद्यावर सुखाने राहत, कारण जुन्या संचाला एक रुंद, सपाट माथा होता.

‘सेट-टॉप बॉक्स’ या नावातच ते दडलेले आहे. संचाच्या माथ्यावर ठेवायची ती पेटी. मुंबईत २०१२च्या अखेरीस केबलसाठी ती सक्तीची झाली आणि २०१७च्या मार्चअखेरपर्यंत ग्रामीण भागासह देशभर पोहोचली. मात्र त्याच वर्षांत टीव्ही चपटा होत होत भिंतीला चिकटला. पेटी आली आणि तिची बसायची जागाच नाहीशी झाली. आज सर्वसाधारण घरात टीव्हीभोवती सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटचा राऊटर, त्याला जोडलेली फायबरची छोटी पेटी, साउंडबार आणि वीज गेल्यावर राऊटर चालू ठेवणारी बॅटरी एवढे सामान सहज जमते. प्रत्येकाची विजेची वायर वेगळी आणि टीव्हीपर्यंत जाणारी वेगळी. मोजायला बसलो तर आठ-दहा वायरी निघतात. टीव्हीने गमावलेला माथा त्याला परत मिळवून देणे, एवढेच फळीचे काम आहे.

कोनाड्याचे शहाणपण

आपल्या जुन्या घरांना ही विद्या ठाऊक होती. ठाणे जिल्ह्यातील जुन्या मातीच्या घरांत भिंती दीड-दीड फूट जाड असत. दिव्यासाठी कोनाडा, भांड्याकुंड्यांसाठी झडपांचे फडताळ, कंदील अडकवायला खुंटी. वस्तू भिंतीच्या जाडीत सामावलेली असे, पण हात लांबवला की सापडे. दिव्याच्या कोनाड्याला झाकण नसे, कारण ज्योतीला हवा लागते आणि वातही सारखी करावी लागते. टीव्हीच्या उपकरणांनाही हाच नियम लागू पडतो. त्यांना हवा लागते आणि अधूनमधून माणसाचा हात लागतो.

आजच्या सदनिकेतील आतली भिंत मात्र जेमतेम चार-साडेचार इंचांची असते. तिच्यात कोनाडा कोरता येत नाही, कोरूही नये. म्हणून कोनाड्याचे काम भिंतीबाहेर आलेल्या फळीने करायचे. कोणती फळी कोणत्या घराला शोभेल, याचे काही प्रकार पाहू.

फळ्यांचे प्रकार

सर्वांत सोपी ती टीव्हीखालची एकच लांब फळी. तिची लांबी टीव्हीच्या रुंदीइतकी किंवा थोडी अधिक असावी. ३२ इंची टीव्ही सुमारे ७१ सेंटिमीटर, ४३ इंची सुमारे ९५ आणि ५५ इंची सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. खोली २५ ते ३० सेंटिमीटर पुरते. सेट-टॉप बॉक्स त्याहून लहान दिसला तरी मागे खोचलेल्या वायरीला वळायला पाच-सात सेंटिमीटर जागा लागते, हे विसरले की पेटी फळीच्या कडेवर लटकू लागते. फळीची मागची कड भिंतीला घट्ट न चिकटवता दोन बोटांची फट ठेवावी किंवा दोन ठिकाणी अर्धगोल खाचा पाडाव्यात. वायरी तेथून खाली उतरतात. फळीच्या तळाशी मागच्या बाजूला एक उथळ पन्हळ लावून घेतली की त्यात जादा लांबीची वायर आणि अडॅप्टर विसावतात. समोरून पाहणाऱ्याला फक्त फळी दिसते.

दुसरा प्रकार बुटक्या, लांब कपाटाचा. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, दोन-तीन कप्प्यांचे. मुलांच्या वह्या, वर्तमानपत्रे आणि रिमोट यांनाही त्यात घर मिळते. याची पाठ मात्र पूर्ण बंद नसावी. उपकरणांच्या कप्प्याला पाठ नसलेलीच बरी, आणि पुढचा दरवाजा जाळीचा किंवा उभ्या पट्ट्यांचा असावा. कपाटाखाली चार बोटे मोकळी सोडली तर केरसुणी फिरते आणि झुरळांचा अड्डा होत नाही.

जागा अगदीच अरुंद असेल तर टीव्हीच्या बाजूला उभी मांडणी करता येते. नऊ-दहा इंच रुंदीचे चार खण एकावर एक. सर्वांत वर राऊटर, मध्ये सेट-टॉप बॉक्स, खाली बॅटरी. बॅटरी जड असते, म्हणून ती तळाशी. वायरी एकाच उभ्या पट्टीतून खाली येतात. चाळीतील किंवा भाड्याच्या खोलीत ही रचना विशेष सोयीची, कारण घर बदलताना ती सोबत नेता येते.

चौथा प्रकार सध्या सर्वाधिक लोकप्रिय आहे. भिंतीपासून तीन-चार इंच पुढे प्लायवूडचा पडदा उभा करून त्यावर टीव्ही बसवायचा आणि सगळ्या वायरी त्यामागच्या पोकळीत सोडायच्या. दिसायला हा प्रकार सर्वांत नेटका, आणि चुका होतात त्याही येथेच. पोकळीच्या आत सॉकेट बसवले, वर पडदा ठोकला आणि झडप ठेवलीच नाही, तर उद्या एक वायर खराब झाली तरी सुताराला बोलवावे लागेल. या पडद्याला किमान एक उघडणारी झडप हवी, वर-खाली हवेसाठी फटी हव्यात आणि मुख्य म्हणजे विजेची पिन पडद्याच्या बाहेर हवी. टीव्हीचे वजन केवळ प्लायवर न टाकता ब्रॅकेटचे स्क्रू मागच्या चौकटीत किंवा भिंतीत जातील, हेही पाहावे.

आणि भिंतच टीव्ही पेलणारी नसेल तर? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आजही कारवीच्या कुडाची, वरून शेणामातीने लिंपलेली घरे आहेत. अशा भिंतीला टीव्ही टांगणे धोक्याचे. तेथे भक्कम पायांची लाकडी घडवंची किंवा स्टँड, त्याला मागून उभी फळी आणि त्या फळीवर टीव्ही हाच मार्ग. तीच फळी स्विचबोर्डालाही आधार देते. शहरात भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडायला मनाई असेल तरी हीच युक्ती उपयोगी पडते.

उंची बैठकीवरून ठरवा

फळीची जागा टीव्हीच्या उंचीवर अवलंबून असते आणि टीव्हीची उंची बसणाऱ्याच्या डोळ्यांवर. सोफ्यावर बसणाऱ्याचे डोळे जमिनीपासून साधारण १०० ते १०५ सेंटिमीटरवर असतात. पडद्याचा मध्य तेथेच आला तर मान अवघडत नाही. ४३ इंची टीव्ही सुमारे ५४ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे त्याची खालची कड ७३ ते ७८ सेंटिमीटरवर येते. तिच्याखाली १५ ते २० सेंटिमीटर सोडून फळी लावावी, म्हणजे टीव्हीचे ध्वनिवर्धक आणि रिमोटचा डोळा झाकला जात नाही. ज्या घरांत मंडळी चटईवर किंवा भारतीय बैठकीवर बसून टीव्ही पाहतात, तेथे मात्र हे सगळे बरेच खाली आणायला हवे. दुकानातून आलेला कारागीर बहुधा उभ्या माणसाच्या नजरेने उंची ठरवतो. आधी स्वतः बसून पाहावे, मग भिंतीवर खूण करावी.

उष्णता, रिमोट आणि वाय-फाय

सेट-टॉप बॉक्सला हात लावून पाहा. तो सदैव कोमट असतो, रिमोटने ‘बंद’ केला तरीही. बरीच उपकरणे अशा अर्धनिद्रेतही वीज घेत राहतात. एखादी पेटी चोवीस तास दहा वॉट घेत असेल तर वर्षाला जवळपास ८८ युनिट होतात. उष्णता बाहेर पडण्यासाठी पेटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना पाच ते दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. एकावर एक दोन पेट्या रचू नयेत आणि त्यांवर क्रोशाचा रुमालही घालू नये. आपल्याकडे टीव्ही झाकून ठेवायची सवय जुनी आहे, पण हवेच्या जाळ्या झाकल्या की आतले भाग लवकर निकामी होतात.

साध्या रिमोटचा किरण लाकडातून जात नाही. म्हणून दरवाजा जाळीचा हवा किंवा रंगीत काचेचा, आणि काचेतून रिमोट चालतो का हे काच बसवण्यापूर्वी तपासून घ्यावे. राऊटर मात्र कपाटात कोंडूच नये. टीव्हीचा मागचा भाग आणि धातूचे कपाट वाय-फायच्या लहरी अडवतात. त्याची जागा सर्वांत वरची, उघडी. राऊटरकडे येणारी फायबरची बारीक वायर काचेची असते. ती खिळ्याला काटकोनात वाकवली किंवा घट्ट आवळली तर इंटरनेट बंद पडते. तिला मोठे, सैल वेटोळे द्यावे.

विजेचा हिशेब

टीव्हीभोवतीच्या सगळ्या उपकरणांना मिळून फार वीज लागत नाही. ४३ इंची टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राऊटर आणि साउंडबार मिळून बहुधा दोनशे वॉटच्या आतच राहतात. घरातील साधे सॉकेट ६ अँपिअरचे, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १३८० वॉटचे असते. तेव्हा एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर हे सारे चालते. धोका असतो तो वेगळ्याच गोष्टींत. सैल बसलेली पिन, एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचणे, गुंडाळी न सोडता वापरलेली लांब वायर, तिच्यावर बसलेला धुळीचा थर, आणि त्याच बोर्डावर ‘जरा दोन मिनिटे’ लावलेली इस्त्री किंवा पाण्याची किटली. ठिणगी पडते ती येथे, आणि भोवती लाकूड असते.

एक्स्टेंशन बोर्ड म्हणून फळीच्या तळाशी किंवा बाजूला स्क्रूने बसवावा. जमिनीवर लोळू देऊ नये. फरशी पुसताना पाणी त्यात जाते, आणि पावसाळ्यात उंदीर, मुंग्या यांनाही तो हाताशी सापडतो. तीन पिनांपैकी लांब व जाड पिन अर्थिंगची असते. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती कापून टाकण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो जीवघेणा आहे. स्पाइक गार्ड घेतला तरी त्याचा उपयोग घराचे अर्थिंग चांगले असेल तरच होतो. नव्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे का, हेही वायरमनकडून पाहून घ्यावे. विजेचा झटका बसताच प्रवाह तोडण्याचे काम तो करतो.

वीज कडाडते तेव्हा

कोकणपट्टीत आणि सह्याद्रीच्या पायथ्याला विजांचा मोसम दोनदा येतो. मे-जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी आणि ऑक्टोबरमध्ये तो परतताना. वीज प्रत्यक्ष घरावर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी विजेच्या तारांतून आणि छपरावरच्या डिशच्या केबलमधून दाबाची लाट घरात शिरते. डिशमधून सेट-टॉप बॉक्समध्ये, तेथून टीव्हीत. केवळ बटण बंद करून भागत नाही, कारण एवढ्या दाबाला बटणातील बारीकशी फट सहज ओलांडता येते. स्पाइक गार्ड लहानसहान चढउतार झेलतो, विजेच्या लोळापुढे तोही हतबल असतो.

उपाय जुनाच, पिन काढून ठेवणे. डिशची केबलही बॉक्सपासून सोडवणे. मात्र हे काम गडगडाट दूर असतानाच उरकायला हवे. विजा डोक्यावर कडाडू लागल्यावर पिन, केबल किंवा उपकरणाला हात लावू नये. टीव्ही गेला तर दुसरा येईल. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबून मग पुन्हा जोडावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आसपासच्या विजांची आगाऊ सूचना देते, त्याचा उपयोग करता येईल.

फळीची रचना निर्णायक ठरते ती येथे. सूचना मिळाली आणि हाताशी दहा मिनिटे आहेत. पण पिनपर्यंत पोहोचायला टीव्ही खाली उतरवावा लागत असेल, तर त्या दहा मिनिटांचा उपयोग काय? मुख्य सॉकेट टीव्हीच्या मागे न घेता त्याच्या कडेपासून वीतभर बाहेर, फळीच्या पातळीवर घ्यावे. सर्व उपकरणे एका बोर्डावर आणि त्या बोर्डाची एकच पिन त्या सॉकेटात. ती ओढली की सगळे एकदम सुटे. बोर्ड नजरेत खुपत असेल तर समोर एखादी कुंडी ठेवावी किंवा सरकती छोटी फळी लावावी.

सुट्टीतल्या घरांसाठी हे अधिकच महत्त्वाचे. मुंबईला १८९२पासून पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या परिसरात मुंबईकरांची घरे आता वाढत आहेत. शनिवार-रविवारी उघडणारी ही घरे आठवड्यातील पाच दिवस बंद असतात. कुलूप लावण्यापूर्वी गॅस आणि पाण्याची तोटी जशी पाहतो, तशीच ही पिनही काढली आहे का ते पाहावे.

लाकूड आणि ओल

या भागातील पाऊस लाकडाची परीक्षा घेतो. स्वस्त पार्टिकल बोर्ड ओल लागताच फुगतो आणि त्यातील स्क्रू सैल होतात. प्लायवूड घेताना किमान पाण्याला तोंड देणाऱ्या प्रतीचे, जमल्यास मरीन प्लाय घ्यावे. फळीसाठी १८ मिलिमीटर जाडी योग्य, आणि दर दोन फुटांवर आधार हवा. कापलेल्या कडा, वायरीसाठी पाडलेली भोके आणि भिंतीकडची बाजू यांनाही रंग किंवा वॉर्निश लावून घ्यावे. ओल आणि वाळवी शिरते ती न दिसणाऱ्या बाजूनेच. सागवानी फळी घ्यायची असेल तर ती परवानाधारक वखारीतून, पावती घेऊनच घ्यावी. तानसा हे अभयारण्य आहे आणि तेथील सागाचे मोल दिवाणखान्याच्या शोभेहून मोठे आहे.

भिंत निवडतानाही पाऊस ध्यानात ठेवावा. नैऋत्येचा पाऊस झोडपतो त्या पश्चिम व दक्षिण बाजूच्या भिंतींना ओल येते. शक्य असेल तर टीव्ही आतल्या भिंतीवर घ्यावा. स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल मारू नये, कारण भिंतीतील वायरी बहुधा तेथूनच गेलेल्या असतात. हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीला साधे फिशर धरत नाहीत. त्यासाठी मिळणारे वेगळे, लांब फिशर वापरावेत.

कामाचा क्रम

१. सर्व उपकरणे आणि वायरी कागदावर मांडा. पुढे येऊ शकेल अशा एका उपकरणाची जागा सोडा.

२. बसून पडद्याची उंची ठरवा, मग फळीची आणि शेवटी सॉकेटची खूण करा. वायरमनचे काम आधी, सुताराचे नंतर.

३. टीव्हीपासून फळीपर्यंत वायरी केसिंग पट्टीतून न्या. भिंतीत पाइप टाकायचा असेल तर दोन इंची टाका आणि त्यातून फक्त केबल व एचडीएमआय न्या. उपकरणाची विजेची वायर भिंतीत गाडू नका.

४. एचडीएमआय वायर गरजेपुरतीच घ्या. पाच मीटरच्या पुढे चित्र अडखळू शकते.

५. वायरी चिकटपट्टीच्या म्हणजे वेल्क्रोच्या बंदाने सैल बांधा. रबरबँड उन्हाळ्यात विरघळतो आणि प्लास्टिकचा पक्का बंद दर वेळी कापावा लागतो.

६. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठी लावा. ‘डिश’, ‘राऊटर’, ‘साउंडबार’.

७. दिवाळीच्या साफसफाईत आणि मेअखेरीस पिन काढून सगळे खाली उतरवा, धूळ पुसा, कुरतडलेली वायर बदला.

८. काम झाल्यावर घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला मुख्य पिन काढून दाखवायला सांगा. त्यांना ती न वाकता, न विचारता काढता आली, तर फळी बरोबर बसली असे समजा.